ईएसआय म्हणजे नुसता दवाखाना नव्हे

लोटे-परशुरामच्या कारखान्यातून कमी केलेला मुलगा गावी आला की कुणीतरी ईएसआयबद्दल, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या कर्मचारी राज्य विम्याबद्दल, सांगतंच, "ईएसआय औषधापुरता. नोकरी गेली की कापलेले पैसे बुडाले." हे खरं नाही. या समजापायी माणसं अर्जच करत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

नोकरी गेलेल्यांसाठी ईएसआयचीच अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये आली. तेव्हा बेकारी भत्ता रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के होता. २०२० मध्ये तो ५० टक्के झाला आणि मालकामार्फत जाण्याची अटही गेली. नोकरी सुटून ३० दिवस झाले की अर्ज थेट ईएसआय महामंडळाकडे करता येतो. पैसे जास्तीत जास्त ९० दिवसांचे, तेही आयुष्यात एकदाच. गैरवर्तनावरून काढलेल्यांना ते मिळत नाहीत. ज्यांचा ईएसआय कापलाच जात नाही, त्या बोटीवरच्या खलाशांना तर हे दार बंदच, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. योजना मुदतवाढीवर चालत आली आहे. सध्याची मुदत ईएसआयच्या शाखेत विचारून घ्या.