आपत्तीच्या तयारीचे खेळ (कामाच्या ठिकाणचे)

कारखाना, ऑफिस, दवाखाना, गोडाऊन अशा ठिकाणी आग, भूकंप, गॅसगळती असं काही झालं तर कुणी काय करायचं हे स्टाफला खेळातून शिकवायची जी पद्धत आहे तिला आपत्तीच्या तयारीचे खेळ म्हणतात. कधी पत्ते असतात, कधी फरशीवर खडूने काढलेला नकाशा, कधी नुसती तोंडी सांगितलेली घटना, पण खेळणाऱ्याला कमी वेळात आणि अर्धवट माहितीवर काहीतरी ठरवावं लागतं, हे सगळ्यात सारखं.

मॉक ड्रिल, म्हणजे आपत्ती आली असं समजून बाहेर पडायचा सराव, वेगळी. ठराविक प्रमाणापेक्षा जास्त घातक रसायनं ठेवणाऱ्या कारखान्यांना १९८९ च्या नियमांप्रमाणे दर ६ महिन्यांनी ती घ्यावीच लागते, आणि ती पाहिजेच, कारण पायांना रस्ता तिथेच कळतो. पण बऱ्याच ठिकाणी ड्रिलचा दिवस आधीच माहीत असतो, सकाळी ११ ला सायरन वाजतो, सगळे असेंब्ली पॉइंटला जमतात, मोजणी होते, फोटो निघतो आणि परत कामाला, म्हणजे सुपरवायझर सोडला तर कुणालाच डोकं चालवावं लागत नाही.

मराठवाड्यात आपत्ती अशी ११ वाजता आलेली नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर पडून लातूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात ८ ते १० हजार माणसं गेली. मार्च २०२४ मधे हिंगोली, नांदेड, परभणीला धक्के बसले ते पण सकाळी ६ च्या सुमारास. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला ३१ डिसेंबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले ६ कामगार गेले. म्हणून इथला खेळ नाइट शिफ्टचा धरूनच मांडावा.

जगात या प्रकारात जपानचं काम सगळ्यात जवळचं वाटतं. १९९५ च्या कोबे भूकंपात महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर जे खरे पेच आले त्यांच्या मुलाखती घेऊन तिथे क्रॉसरोड नावाचा पत्त्यांचा खेळ तयार झाला. एक प्रश्न असा, निवाऱ्यात ३००० लोक आहेत आणि जेवणं २००० आलीत, वाटायला सुरुवात करायची का? प्रत्येकाने हो किंवा नाहीचा पत्ता टाकायचा आणि मग कारण सांगायचं. जास्त मतं ज्या बाजूला तिला गुण म्हणून निळी गादी मिळते, पण एकटाच वेगळा पडला तर त्याला सोनेरी गादी. हा नियम फार मोलाचा आहे, कारण साहेबासमोर वेगळं बोलायला आपल्याकडचा हेल्पर कचरतो. शिझुओका प्रांताने २००७ मधे केलेल्या हग या खेळात शाळेत निवारा उघडलाय असं धरून तिच्या नकाशावर, येणाऱ्या आपत्तीग्रस्तांच्या नावाचे खेळातले पत्ते भराभर लावत जायचे असतात, म्हातारी माणसं, आजारी, कुत्रं घेऊन आलेलं कुटुंब, सगळेच.

हे आपल्या शॉप फ्लोअरवर सहज करता येतं. खडूने कारखान्याचा नकाशा काढायचा, माणसांच्या जागी सोडा बाटलीची बुचं ठेवायची, ५-७ जणांचा गट करायचा आणि पत्ता वाचायचा: रात्रीचे २ वाजलेत, पॅनल रूममधून धूर येतोय, मागच्या शटरची चावी सुपरवायझरकडे आहे आणि तो जेवायला गेलाय, ठेकेदाराकडची ४ कामगार पोरं मागच्या खोलीत झोपलीत. आता बोला. कुणी म्हणतं आधी मेन स्विच, कुणी म्हणतं आधी पोरं उठवा, कुणी पाणी मारायला निघतं, आणि चालू करंट असलेल्या पॅनलवर पाणी मारायचं नसतं हे तिथल्या तिथे डोक्यात बसतं. गेटवरच्या वॉचमन मामांना आणि कंत्राटी पोरांना खेळात घ्यायलाच पाहिजे, रात्री तेच तर हजर असतात.

धुरात दिसत नाही, म्हणून मशिनी बंद करून, वाटेतलं अणकुचीदार सामान काढून आंधळी कोशिंबीर पण खेळतात, डोळ्याला पट्टी, खाली वाकून, भिंतीला हात लावत दारापर्यंत जायचं. यात पहिल्या नंबराला बक्षीस ठेवू नये, लोक पळायला लागतात. मार्क द्यायचे तर हजेरीचा आकडा बरोबर सांगणाऱ्याला द्या.

सेफ्टी वीकला सापशिडीचे बोर्ड वाटतात. सापशिडी तशी घरचीच, पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानेश्वर माऊलींनी मोक्षपट, म्हणजे सापशिडीचं जुनं रूप, रचला असं परंपरा सांगते, आणि लहान मुलांना त्यातून चांगलं शिकवता येतं, पण स्टाफसाठी ती कमी पडते कारण तिथे फासा ठरवतो, माणूस नाही.

खेळ संपल्यावरची चर्चा कापू नये. ४० मिनिटांच्या खेळाला तेवढाच वेळ बोलायला ठेवावा. चावी काचेच्या पेटीत शटरजवळच लावा, झोपायची खोली गोडाऊनमधून हलवा असल्या गोष्टी यातूनच बाहेर येतात आणि त्या वहीत लिहून कोण, कधीपर्यंत करणार हे ठरवावं लागतं. साखर कारखाने, जिनिंग असल्या ठिकाणी दर सीझनला माणसं बदलतात, म्हणून तिथे खेळ गाळप सुरू व्हायच्या किंवा कापूस यायच्या आधीच्या आठवड्यात घ्यावा, आणि उशिरा आलेल्यांसाठी परत एकदा.