स्नायू ऊती

आकुंचन पावून बल निर्माण करणारी प्राणिशरीरातील ऊती. पृष्ठवंशी प्राण्यांत तिचे कंकाल, अरेखित आणि हृदय असे तीन प्रकार आढळतात. ओढण्याचे काम तिन्हींत ॲक्टिन व मायोसिन ही प्रथिनेच करतात आणि इशाराही कॅल्शियमचाच असतो. फरक आहे तो प्रथिनांच्या मांडणीत, आणि कॅल्शियम कोठून येते व कोणाला चिकटते यात.

कंकाल स्नायू कंडरांनी हाडांना बांधलेले व इच्छेने चालणारे असतात. पेशी लांब, दंडगोलाकार. केंद्रके अनेक आणि कडेला सरकलेली. सूक्ष्मदर्शकाखाली गडद-फिकट आडवे पट्टे दिसतात, म्हणून त्यांना रेखित स्नायू म्हणतात. या पट्ट्यांचे एकक म्हणजे सार्कोमिअर. शिथिल अवस्थेत त्याची लांबी २ ते २.५ मायक्रोमीटर असते. स्नायू आखडताना फिकट पट्टा अरुंद होतो, गडद पट्टा मात्र तेवढाच राहतो. याचा अर्थ ॲक्टिन व मायोसिनचे तंतू आखूड होत नाहीत, ते एकमेकांत सरकतात. हा सिद्धांत १९५४ साली ह्यू हक्स्ली व जीन हॅन्सन आणि अँड्र्यू हक्स्ली व रॉल्फ नीडरगर्क या दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे मांडला. (दोघे हक्स्ली नात्यातले नव्हेत.)

चेतातंतूचा संदेश येताच पेशीतील जालिकेतून (कॅल्शियम साठवणाऱ्या पटलांच्या जाळ्यातून) कॅल्शियम सुटते व ॲक्टिनच्या तंतूवरील ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते. त्यामुळे ॲक्टिनवरील झाकलेल्या जागा उघड्या होतात आणि मायोसिनची डोकी, रस्सीखेचीतल्या हातांसारखी, धर-ओढ-सोड करू लागतात. पकड सुटायला मात्र एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा नवा रेणू लागतो. मृत्यूनंतर एटीपी संपतो, पकड सुटत नाही आणि प्रेत ताठते.

अरेखित स्नायू आतडी, रक्तवाहिन्या, मूत्राशय, गर्भाशय यांच्या भित्तींत असतात. अंगावर काटा उभा करणारे स्नायूही याच जातीचे. पेशी चातीच्या आकाराची, केंद्रक एकच, सार्कोमिअर नाहीत. येथे ट्रोपोनिनही नाही. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला जोडले जाते आणि त्यातून जागे झालेले विकर (एन्झाइम) मायोसिनलाच फॉस्फेट लावते. काम संथ, पण थोड्या ऊर्जेत ताण दीर्घकाळ टिकतो.

हृदय स्नायू रेखित असूनही अनैच्छिक आहे. त्याच्या पेशी शाखायुक्त असून टोकांशी चकत्यांनी जोडलेल्या असतात. त्यांतील सूक्ष्म छिद्रांतून विद्युत्-लहर पेशीपेशींत पसरते. जालिकेतील कॅल्शियम सुटण्यासाठी आधी थोडे कॅल्शियम पेशीबाहेरून आत यावे लागते. बेडकाचे हृदय लंडनच्या नळाच्या पाण्यातील मिठाच्या द्रावणात धडधडत राहते, ऊर्ध्वपातित पाण्यात केलेल्या द्रावणात मात्र थांबते, हे सिडनी रिंगर यांना दिसले. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम हे त्याचे कारण त्यांनी १८८३ साली प्रसिद्ध केले. प्रत्येक ठोक्यानंतर सुमारे पाव सेकंद ही पेशी नव्या उद्दीपनाला दाद देत नाही. त्यामुळे पोटरीत येतो तसा गोळा हृदयाला येत नाही, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त भरायला सवड मिळते.