नळी घालून घरी सोडल्यावर पुढं कोण? युरॉलॉजीच्या (लघवीच्या आजारांच्या) नर्स आणि पेशंटच्या बाजूनं बोलणाऱ्यांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठंही बघा, म्हाताऱ्या माणसाची प्रोस्टेटमुळं लघवी अडकली की नळी घालतात, पिशवी लावतात आणि अमुक तारखेला या म्हणून घरी सोडतात. घरात सून नायतर बायको सगळं बघते, पण पिशवी कमरेच्या खालीच ठेवायची, वर उचलली तर लघवी उलटी आत जाते, नळी ओढायची नाही, हे तिला कुणी निवांत बसून सांगितलेलंच नसतंय. हे सांगणारं माणूस म्हणजे या कामाची खास शिकलेली नर्स, आणि ती बाहेरच्या देशात कशी तयार झाली ते कळायला जरा मागं जावं लागतंय.

फुगा असलेली ही नळी अमेरिकेतल्या फ्रेडरिक फॉली या डॉक्टरांनी १९३० च्या दशकात आणली, आजही तीच वापरतात. पण ती कायम आत ठेवली की इन्फेक्शनचा धोका वाढत जातो, आणि मणक्याला मार लागून लघवीचा ताबा गेलेल्यांचे तर फारच हाल. १९७२ ला मिशिगनच्या डॉ. जॅक लॅपिडस यांनी सांगितलं की पेशंटनं साबणानं हात धुऊन, धुतलेली स्वच्छ नळी स्वतः घालून ठराविक वेळानं लघवी काढावी, सगळं निर्जंतुक असायलाच पाहिजे असं नाही, कारण मूत्राशय तटतटून भरून राहिलं की तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि खरं नुकसान तिथं होतंय. त्या पेपरवर डॉक्टरांबरोबर बेट्टी लो या नर्सचं नाव आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं, कारण एखाद्याला न लाजवता, न घाबरवता ही नळी स्वतः घालायला शिकवणं हे चार मिनिटांच्या ओपीडीत होणारं काम नव्हे.

त्याच्याही आधी नॉर्मा गिल. ही बाई स्वतः पेशंट, आतड्याच्या आजारानं पोटावर पिशवी लागलेली. तिचं ऑपरेशन केलेल्या डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनीच तिला १९५८ ला क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये बाकीच्या पेशंटना शिकवायला घेतलं आणि १९६१ ला तिथं या कामाची शाळाच सुरू झाली. मूत्राशय काढल्यावर पोटावर लघवीची पिशवी लागते त्यांनाही याच नर्स लागतात. तंबाखू हे मूत्राशयाच्या कॅन्सरचं मोठं कारण आणि निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव, त्यामुळं हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक, म्हणजे पोटावर पिशवी लागलेल्यांसाठीचं क्लिनिक आहे, नर्सना ट्रेनिंग पण मिळतंय, पण मुंबई किती लांब!

पेशंटच्या बाजूनं भांडणारे पण असेच दुखण्यातनं उभे राहिले. मूत्राशयाच्या सततच्या दुखण्याला 'मनाचं आहे' म्हणून घालवून दिलं जायचं, ते स्वतः भोगलेल्या व्हिकी रॅटनर यांनी १९८४ ला अमेरिकेत पेशंटची संघटना काढली. पुढं अंग बाहेर येण्यावर (गर्भपिशवी, मूत्राशय खाली सरकण्यावर) बसवलेल्या जाळीनं बायकांना त्रास झाला, त्या बोलत राहिल्या आणि २०१९ ला अमेरिकेतल्या एफडीए या सरकारी खात्यानं योनीमार्गातनं बसवायच्या त्या जाळीची विक्री कंपन्यांना थांबवायला लावली.

आता आपल्याकडं. अंग बाहेर येणं इथल्या उसाच्या फडात राबणाऱ्या बायकांना नवीन नाही, सांगायचं कुणाला एवढाच प्रश्न, आणि सांगितलंच तर बऱ्याचदा थेट 'गर्भपिशवी काढा'. आतनं आधार देणारी रिंग बसवून, व्यायाम करून किती जणींचं भागू शकतंय हे त्यांच्यापर्यंत येतच नाही. गरज नसताना गर्भपिशवी काढण्यावर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं राज्यांना तीन महिन्यांत केंद्राच्या गाईडलाईन लागू करायला सांगितलं, पण खेड्यातल्या बाईला 'थांब, आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू' म्हणणारं कोणतरी शेजारी पाहिजे की नको? त्यात फॉर्म कन्नड नायतर इंग्लिशमध्ये, आमच्या मावश्या आत्या फक्त मराठी बोलणाऱ्या, अंगठा कशावर उठवला ते कळत नाही.

आणि माणसं नाहीत असं अजिबात नाही. मिरजेला वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल काढलं, चिकोडी अथणीकडची माणसं तिकडं जात आलीत. बेळगावच्या जेएनएमसी या मेडिकल कॉलेजनं जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींचा अभ्यास केला, तो २००६ ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आला. उपकेंद्राच्या एएनएम सिस्टरनी (गावपातळीवरच्या सरकारी नर्सनी) बाळंतपणानंतर रक्तस्राव आटोक्यात ठेवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या त्यांच्यात जास्त रक्तस्राव ६.४ टक्के, बाकीच्यांत १२ टक्के. जी सिस्टर हे करू शकते, जिला दोन्ही भाषा येतात आणि घराघरात ओळखतात, तिला नळीची काळजी आणि रिंग शिकवली तर सुरुवात उपकेंद्रातनंच होऊ शकते.