टेंडरमधून बाद झालात? कारण लेखी मागा

इंदूरमधल्या सांवेर रोडच्या किंवा पोलोग्राउंडच्या छोट्या कारखानदाराला टेंडर गेल्याचं पोर्टलवर कळतं. का गेलं, हे मात्र बहुधा दुसऱ्याच पुरवठादाराकडून, तेही तिखटमीठ लावून. खरं तर कारण विचारायचा त्याला हक्कच आहे. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधल्या नियम 173 प्रमाणे बिडरने, म्हणजे टेंडर भरणाऱ्याने, विचारलं, तर बिड नाकारल्याचं कारण खरेदीदाराने सांगायलाच हवं. इंदुरात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रासारख्या केंद्रीय कार्यालयांना हा नियम लागतो. राज्याच्या खात्यांसाठी मध्य प्रदेशचे भांडार क्रय नियम आणि टेंडरच्या अटी बघाव्या लागतात. दाद मागायची मुदतही तिथेच सापडते.

दाद मागायचा अर्ज फक्त बिड भरणाऱ्यालाच करता येतो. केंद्राच्या खरेदीत टेक्निकलमध्ये, म्हणजे पात्रतेच्या छाननीत, बाद झालेल्याला फायनान्शियलच्या, म्हणजे दरांच्या, निकालावर दाद मागता येत नाही. म्हणून टेक्निकलचा निकाल लागला की दराचं पाकीट उघडायच्या आत पत्र जायला हवं. 'बघू, आधी एल-वन (सर्वांत कमी दराचा) कोण येतो ते' म्हणत थांबणारे इथेच फसतात. खरेदीची गरज होती का, टेंडर अमुक पद्धतीनेच का काढलं, हे मुद्दे पत्रात घालू नका. त्यांवर फेरविचार होत नाही.

पत्रासोबत बिड भरल्याची पोर्टलवरची पावती, बाद केल्याच्या शेऱ्याची प्रत, ज्या कागदावरून वाद आहे तो अपलोड केला होता तसाच, आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र जोडा. बिडमध्ये नसलेलं प्रमाणपत्र आता जोडून उपयोग नाही.

मजकूर थोडका ठेवा. समजा, शेरा नुसता 'टर्नओव्हर अपात्र' एवढाच आहे. तर लिहा: 'अट क्रमांक अमुकप्रमाणे तीन वर्षांचं सीएचं प्रमाणपत्र पान 14 वर जोडलं होतं. ते कोणत्या कारणाने अपुरं ठरलं, ते लेखी कळवावं.' राज्याच्या कार्यालयात हेच हिंदीत द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'आमच्यावर अन्याय झाला' असं दोन पानं लिहिलेलं पत्र कुणी वाचत नाही.

उत्तर आलं नाही, तर माहितीचा अधिकार आहे. हा अर्ज फर्मच्या नव्हे, स्वतःच्या नावाने करा, कारण कायदा 'नागरिका'ला हक्क देतो. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. बिडांचा तुलनात्मक तक्ता आणि ती तपासणाऱ्या समितीचं टिपण मागा. प्रतिस्पर्ध्याची व्यापारी गुपितं कलम 8(1)(घ) खाली रोखता येतात, पण तुमच्याच बिडवरचे शेरे त्या नावाखाली अडवायचं कारण नाही.

ईएमडी, म्हणजे बिडसोबत भरलेली अनामत रक्कम, परत मागायला पत्र वेगळं द्या. एकाच अर्जात दोन्ही घातलं, की तो लेखा शाखेत जातो आणि कारणाचं उत्तर राहूनच जातं. केंद्राच्या नियमांत हरलेल्या बिडरची ईएमडी कंत्राट दिल्यापासून, आणि टेक्निकलमध्येच बाद झालेल्याची त्या निकालापासून, 30 दिवसांच्या आत परत करायची असते.