क्लासिक आणि हेड-टू-हेड : टीम एकच, हिशेब दोन

सोमवारची शेवटची मॅच आपल्याकडे मंगळवारच्या पहाटे संपते. सकाळी तर्री पोह्यांची प्लेट समोर येण्याआधीच नागपूरच्या एफपीएल, म्हणजे फँटसी प्रीमियर लीगच्या, ग्रुपवर खेचाखेची सुरू झालेली असते. एक म्हणतो, "हरवलं ना बे तुला, दोन पॉइंटनं का होईना." दुसऱ्याचं उत्तर तयार असतं, "टेबल पाह्य भाऊ, मी तुह्यापेक्षा साठ पॉइंटनं समोर आहो." दोघंही खरंच बोलत असतात. पहिला हेड-टू-हेड लीगचं सांगतो, दुसरा क्लासिक लीगचं. ग्रुपमधले अर्धे पोट्टे मात्र या दोन्ही गोष्टी एकच समजतात आणि मग तास-तास नुसता वाद चालतो.

घोळ होण्याचं कारण साधं आहे. फँटसी प्रीमियर लीग म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले फुटबॉलपटू निवडून खेळायचा ऑनलाइन खेळ. खऱ्या मॅचमध्ये ते जसे खेळतील तसे पॉइंट. इथे माणशी टीम एकच. १० कोटी पौंडांच्या बजेटमध्ये २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड असे १५ खेळाडू घ्यायचे, एका क्लबचे जास्तीत जास्त ३. त्यातले ११ खेळवायचे, ४ बेंचवर राखीव. हीच टीम, याच पॉइंटांसह, क्लासिक लीगमध्येही उतरते आणि हेड-टू-हेडमध्येही. वेगळी टीम लावायची नसते. बदलतो तो फक्त हिशेब.

क्लासिकचा हिशेब म्हणजे बेरीज. लीग ज्या गेमवीकपासून, म्हणजे मॅचच्या ज्या आठवड्यापासून, मोजायची ठरली, तिथपासून ३८व्या गेमवीकपर्यंत सगळ्यांचे पॉइंट जुळवत जायचे. जास्त पॉइंट, तो वर. मधूनच कोणी आलं तरी चालतं, सोडून गेलं तरी चालतं. दिवाळीनंतर ज्याला हुरूप येतो त्यालाही घेता येतं. त्याने एफपीएलची टीमच तेव्हा काढली असेल तर मागच्या आठवड्यांचे पॉइंट त्याला मिळत नाहीत, एवढंच. अशा उशिरा आलेल्या चार-पाच जणांसाठी पुढच्या गेमवीकपासून मोजणी सुरू होणारी वेगळी क्लासिक लीग काढणं बरं.

हेड-टू-हेडमध्ये दर गेमवीकला तुमची एकाच माणसाशी गाठ असते. त्या आठवड्याचे तुमचे पॉइंट विरुद्ध त्याचे पॉइंट. जिंकलात तर ३, बरोबरी झाली तर १, हरलात तर शून्य. टेबल या ३-१-० वर लागतं. लीगच्या पहिल्या गेमवीकला जोड्या ठरतात आणि त्या क्षणी लीग कुलूपबंद होते. त्यानंतर आत येता येत नाही आणि बाहेरही पडता येत नाही.

आता धरमपेठवाला, महालवाला, सदरवाला आणि मानेवाडावाला अशा चौघांचा एक आठवडा बघा. धरमपेठवाल्याने ७८ मारले, पण त्याची गाठ पडली ८० मारणाऱ्या महालवाल्याशी. तिकडे सदरवाल्याने जेमतेम ३९ काढले आणि मानेवाडावाल्याला ३७ वर थांबवलं. क्लासिकमध्ये धरमपेठवाला सदरवाल्याच्या ३९ पॉइंट समोर गेला. हेड-टू-हेडमध्ये त्याच धरमपेठवाल्याला शून्य आणि सदरवाल्याला ३. "अठ्ठ्याहत्तर मारून हरला ना बाप्पा!" हे वाक्य फक्त हेड-टू-हेडमध्येच जन्माला येतं आणि ते वर्षभर ऐकावं लागतं. सदरवाल्यालाही कोणी सोडत नाही, "एकोणचाळीसवर पार्टी मागून राहिला." माझ्या मते चिडवण्याची खरी मजा इथेच आहे. क्लासिकमध्ये कोणीतरी हळूहळू मागे पडतो, त्याला रोज काय चिडवणार? हेड-टू-हेडमध्ये दर आठवड्याला अर्धा ग्रुप हरलेला असतो.

पण नशिबाचा वाटा तिथे मोठा आहे, हेही तितकंच खरं. ३८ आठवड्यांच्या बेरजेत एखादा वाईट आठवडा विरून जातो. एकास एक लढतीत तो पूर्ण ३ पॉइंट घेऊन जातो. म्हणून टीम चांगली कोण चालवतो हे बघायचं तर क्लासिकचं टेबल बघावं.

खेळायची पद्धत कुठे बदलते, यावर जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात.

पहिली गोष्ट कॅप्टनची, म्हणजे ज्याचे पॉइंट दुप्पट धरतात त्या खेळाडूची. क्लासिकमध्ये तुम्ही सगळ्यांशी खेळता, हेड-टू-हेडमध्ये एकाशी. समोरच्याच्या ११ पैकी ८ खेळाडू तुमच्याकडेही असतील तर ते आठही जण एकमेकांना कापतात. मॅच उरते ती तीन खेळाडूंची आणि कॅप्टनची. समजा हालांड आणि सालाह दोघांकडेही आहेत. तुम्ही हालांडला कॅप्टन केलं, त्याने सालाहला. हालांडने १३ आणि सालाहने ५ आणले. तुमचे २६ अधिक ५, म्हणजे ३१. त्याचे १३ अधिक १०, म्हणजे २३. फरक ८, म्हणजे दोन कॅप्टनांच्या मूळ पॉइंटांतलं अंतर, तेवढंच. तुमची टीम कागदावर भारी असेल तर समोरचा जो कॅप्टन करेल असं वाटतं तोच तुम्हीही करावा, फरक उरलेल्या खेळाडूंवर पडू द्यावा. टीम कमजोर असेल तर वेगळा कॅप्टन घ्यावाच लागतो. २ ने हरलात काय आणि ४० ने हरलात काय, पॉइंट शून्यच.

दुसरी गोष्ट हिटची. दर आठवड्याला १ बदल फुकट मिळतो आणि असे ५ पर्यंत साठवता येतात. त्यापुढच्या प्रत्येक बदलाला ४ पॉइंट कापले जातात, हीच हिट. क्लासिकमध्ये हे ४ पॉइंट म्हणजे गुंतवणूक असते. आणलेला खेळाडू पाच-सहा आठवडे टीममध्ये राहतो आणि ते वसूल करतो. हेड-टू-हेडमध्ये वजाबाकी सगळी त्याच आठवड्याच्या मॅचवर येते. ५३ विरुद्ध ५० जिंकत होतात, हिटमुळे ४९ झाले, हरलात. नवा खेळाडू ६० मिनिटं खेळून नुसते २ पॉइंट घेऊन आला असेल तर चिडवणाऱ्यांची चांदीच. म्हणून ग्रुपवर विजयाची आरोळी ठोकण्याआधी आपली आणि समोरच्याची हिट वजा करून बघा. रविवारी रात्री जाहीर झालेले कितीतरी "विजय" मंगळवारी असेच परत घ्यावे लागतात.

चिपचंही, म्हणजे मोजक्याच वेळा वापरता येणाऱ्या खास सवलतींचंही, तसंच. २०२५-२६ च्या मोसमात वाइल्डकार्ड (हवे तेवढे फुकट बदल), फ्री हिट (एका आठवड्यापुरती वेगळी टीम), बेंच बूस्ट (बेंचचेही पॉइंट) आणि ट्रिपल कॅप्टन (कॅप्टनचे तिप्पट) या चारही चिप दोनदा मिळाल्या. पहिला संच १९व्या गेमवीकच्या डेडलाइनआधी वापरायचा होता, नाहीतर तो वाया. क्लासिकमध्ये ट्रिपल कॅप्टनचे जादा १२ पॉइंट कधीही मिळाले तरी १२च. हेड-टू-हेडमध्ये तेच १२ टीमकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या माणसाविरुद्ध खर्च झाले तर फुकट गेले, कारण त्याला तुम्ही तसंही हरवलं असतं. जोड्या आधीच ठरलेल्या असतात, तेव्हा कोणत्या आठवड्यात कोण समोर आहे ते बघून चिप राखून ठेवा. टॉपवाल्याशी गाठ असेल तिथे ती लावा.

समोरच्याची टीम आधी बघता येते का? मागच्या आठवड्याची दिसते, या आठवड्याचे बदल डेडलाइन उलटल्यावरच दिसतात. त्याने केलेले जुने बदल आणि वापरलेल्या चिप मात्र त्याच्या पानावर असतात. त्यावरून साठलेले फुकट बदल मोजता येतात आणि कोणती चिप शिल्लक आहे हेही कळतं. म्हणूनच डेडलाइनआधी ग्रुपवर जे फेकलं जातं, "मी तर यावेळी डिफेंडरलाच कॅप्टन करून राहिलो," त्यावर विश्वास ठेवू नये. हेड-टू-हेडमध्ये ही थाप नेमकी एका माणसासाठी असते. त्याला बरोबर कळतं आणि तरी तो अर्धा तास विचारात पडतो. क्लासिकमध्ये अशा थापेने कोणाचंच काही बिघडत नाही.

मॅच चालू असताना घाईने केलेली टिंगल हमखास अंगाशी येते. राखीव खेळाडू आपोआप आत येतात ते गेमवीकच्या सगळ्या मॅच संपल्यावर. कॅप्टन एकही मिनिट खेळला नाही तर व्हाइस-कॅप्टनचे पॉइंट दुप्पट होतात, तेही शेवटीच. समजा रविवारी रात्री तुम्ही १२ ने समोर आहात, सोमवारच्या मॅचमध्ये दोघांचंही कोणी नाही. पण समोरच्याचा कॅप्टन खेळलेलाच नाही, व्हाइस-कॅप्टनने ९ आणले आहेत आणि बेंचवर पहिल्या क्रमांकावर ६ वाला बसला आहे. शेवटी त्याच्या खात्यात ९ आणि ६ असे १५ चढतात. तुम्ही ३ ने हरलात. त्यात एक बारकावा आहे. टीममध्ये किमान ३ डिफेंडर राहिलेच पाहिजेत. त्याने तीनच डिफेंडर खेळवले असतील आणि त्यातलाच एक मैदानात उतरलाच नसेल, तर बेंचवरचा पहिला मिडफिल्डर आत येत नाही, त्याला ओलांडून डिफेंडर येतो. त्यामुळे समोरच्याची बेंच क्रमाने वाचा. सोबत प्रत्येक मॅचमधल्या सर्वोत्तम खेळाडूंना मिळणारे बोनसचे ३, २ आणि १ पॉइंटही पक्के होऊ द्या, मगच तोंड उघडा.

डेडलाइन चुकली तर दोन्हीकडे जुनीच टीम आणि जुनाच कॅप्टन पुढे चालतो. क्लासिकमध्ये याने थोडे पॉइंट जातात, हेड-टू-हेडमध्ये बहुतेक वेळा पूर्ण मॅच. डेडलाइन गेमवीकच्या पहिल्या मॅचच्या ९० मिनिटं आधी असते. शनिवारची पहिली मॅच तिकडे दुपारी १२:३० ला असेल तर इंग्लंडच्या उन्हाळी वेळेत आपल्याकडे डेडलाइन ३:३० ला, हिवाळ्यात ४:३० ला. शुक्रवारी तिकडच्या रात्री ८ ची मॅच असेल तर अनुक्रमे रात्री ११ आणि बरोबर १२. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, तेव्हा आपल्याला एक तास जास्त मिळतो आणि कोणाचं काही बिघडत नाही. फटका बसतो तो मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर. पाच महिने ४:३० ची सवय झालेली असते आणि डेडलाइन पुन्हा ३:३० वर आलेली असते. जेवून शनिवारी दुपारी डुलकी काढणाऱ्यांनी एप्रिलमध्ये गजर लावावाच.

लीग काढताना सुरुवातीलाच क्लासिक की हेड-टू-हेड हे निवडावं लागतं. नंतर एकीची दुसरी करता येत नाही, म्हणून नाव देण्याच्या घाईत प्रकार नीट बघा. मग मिळणारा कोड ग्रुपवर टाका. क्लासिकमध्ये कितीही जण असोत, गणित तेच. हेड-टू-हेडमध्ये संख्या महत्त्वाची. १० जण असतील तर सगळ्यांशी एकदा खेळायला ९ आठवडे लागतात. ३८ आठवड्यांत चार फेऱ्या पूर्ण होऊन २ उरतात, म्हणजे दोघांशी पाचवी गाठ पडते. ते दोघं दुबळे निघाले तर फायदा, नाहीतर "माझं शेड्यूलच खराब होतं" हे मे महिन्यातलं रडगाणं. बरोबर २० जण असले तर १९-१९ च्या दोन फेऱ्या चोख बसतात.

संख्या विषम असली तर लीगमध्ये अ‍ॅव्हरेज नावाची एक टीम आपोआप येते. त्या गेमवीकला संपूर्ण खेळातली जी सरासरी, तो तिचा स्कोअर. तिच्याकडून हरणं ही ग्रुपमधली सगळ्यात मोठी नाचक्की, कारण "तुह्यापेक्षा अ‍ॅव्हरेज बरा" याला उत्तरच नसतं. अ‍ॅव्हरेज नको असेल तर एकाला आणा, पण टीम दर आठवड्याला बघणाराच आणा. क्लासिकमध्ये ऑक्टोबरात टीम सोडून दिलेला माणूस तळाशी जातो आणि कोणाला त्रास देत नाही. हेड-टू-हेडमध्ये तो कुलूपबंद लीगमध्ये अडकून राहतो. सप्टेंबरात ज्याची त्याच्याशी गाठ पडली त्याला झुंज द्यावी लागली, फेब्रुवारीत ज्याची पडली त्याला जखमी खेळाडूंची टीम समोर मिळाली. हा अन्याय कोणत्याही नियमाने भरून निघत नाही.

चिडवणं टीमवर ठेवा, माणसावर नको. कॅप्टन, बेंच, हिट, अ‍ॅव्हरेज एवढा दारूगोळा ३८ आठवडे पुरतो. नोकरी, घर, तब्येत यात ओढू नका. पैसेही मध्ये आणू नका. एफपीएल फुकट आहे, आणि पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली आहे. पैज लावायचीच तर पोह्यांची किंवा सावजीच्या जेवणाची लावा.

ही पैज कोणत्या टेबलवर लागेल ते ऑगस्टमध्येच ठरवा. दोन्ही लीग काढा, पण जेवण एकाच टेबलवर ठेवा. बरोबरीचा नियमही लिहून ठेवा. क्लासिकमध्ये पॉइंट सारखे झाले तर ज्याने कमी बदल केले तो वर जातो, आणि त्यात वाइल्डकार्ड किंवा फ्री हिटमधले बदल धरत नाहीत. हेड-टू-हेडमध्ये सारखे झाले तर ज्याचे एकूण एफपीएल पॉइंट जास्त तो वर. हे सगळं ग्रुपच्या माहितीत चार ओळींत टाकून द्या. मे महिन्यात कोणी "मला तर दुसरंच टेबल वाटलं होतं" म्हणाला, तर त्याला तेवढंच उघडून दाखवायचं.