पार्श्वभूमी : खांबावरचा ‘झिरो’

‘अमक्या वायरमनचा झिरो’ असं म्हटलं की ग्रामीण महाराष्ट्रात पुढचं काही सांगावं लागत नाही. डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला, डीपीवरून (गावाच्या ट्रान्सफॉर्मरवरून) एक फेज गेली, वादळात तार तुटली की गावातला जो पोरगा पक्कड खिशात घालून खांबावर चढतो, तो झिरो. वीज कंपनीचा माणूस नाही, ठेकेदाराचाही नाही. हजेरीपटावर शून्य आणि पगारपत्रकातही शून्य, म्हणून झिरो, असं लोक सांगतात. मला त्यावरून झिरोचा बल्ब आठवतो. तो बल्ब शून्य वॅटचा कधीच नव्हता, चांगला पंधरा वॅटचा असायचा. पण जुन्या चकतीच्या मीटरला त्याचं जळणं जाणवत नसे. हा पोरगाही तसाच, जळतो पण मीटर फिरत नाही.

गंमत अशी, की हा माणूस खांबावर असूच नये याची तजवीज कायद्यात फार जुनी आहे. १९१० च्या वीज कायद्याखाली १९५६ साली जे नियम झाले, त्यातला ३६ वा नियम मुद्दाम वाचण्यासारखा आहे. तारेला हात लावण्याआधी ती अर्थ करून, म्हणजे जमिनीला जोडून, तिच्यातला भार उतरवा, काम करणाऱ्याला हातमोजे, रबरी बूट, कमरेचा पट्टा, शिडी, टेस्टर द्या, हे त्यात आहेच. पुढे असंही आहे, की अधिकृत केल्याशिवाय कोणीही चालू लाइनवर काम करू नये आणि अशा कामात कोणाला मदतही करू नये. ‘मदतही’ हा शब्द नियम लिहिणाऱ्याने विचार करून घातलेला दिसतो. अधिकृत कोण, तर ज्याचं नाव यादीत आहे तो. २००३ चा नवा कायदा आला तरी जुने नियम २०१० पर्यंत चालत राहिले, मग त्यांची जागा केंद्रीय विनियमांनी घेतली, २०२३ मध्ये ते पुन्हा नव्याने आले. यादीची अट तेव्हाही होती, आजही आहे.

मग झिरो आला कुठून? १९६० साली राज्याचं वीज मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तारा गावोगाव, मग शेतातल्या विहिरींपर्यंत गेल्या. तारा वाढल्या त्या मानाने माणसं वाढली नाहीत. वायरमन गावाचा राहिला नाही, चार-पाच गावांचा झाला. डबा धरायला, शिडी धरायला एखादा पोरगा बरोबर असायचाच. तोपर्यंत हे प्रकरण उमेदवारीसारखं होतं, काम शिकायचं आणि भरतीची वाट पाहायची.

चित्र पालटलं ते २००५ नंतर. त्या वर्षी जूनमध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या. भरती झाली तरी आधी तीन वर्षं ठरावीक मानधनावर ‘विद्युत सहायक’, नंतर कायम, अशा पद्धतीने. बाकीची कामं ठेकेदारांकडे गेली. आणि नेमकं याच काळात भारनियमन टिपेला पोचलं. ज्यांनी ती वर्षं शेतावर काढली त्यांना आठवत असेल, मोटारीच्या स्टार्टरला लाइट येताच मोटार आपोआप चालू करणारा ऑटो बसवलेला असायचा. बारा तासांनी लाइट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठायच्या आणि डीओ उडायचा. विजेची पाळी आठ तासांची, त्यातले दोन तास वायरमनची वाट पाहण्यात गेले तर ऊस वाळणार. मग गावाने वर्गणी काढली आणि झिरोला चढवलं. वायरमनला ते सोयीचं होतं, वरच्या साहेबालाही. तक्रार मिटत होती ना.

या सगळ्यात सर्वांत गुंतागुंतीचा शब्द मात्र झिरो नाही, ‘परमिट’ आहे. परमिट म्हणजे लाइन बंद करून तिच्यावर काम करण्याची परवानगी. उपकेंद्राच्या आत या शब्दाला एक नेमका अर्थ आहे. ऑपरेटर अकरा केव्ही फिडरचा, म्हणजे गावांकडे जाणाऱ्या अकरा हजार व्होल्टच्या लाइनचा, ब्रेकर पाडून ती बंद करतो, आयसोलेटर उघडतो, लाइन अर्थ करतो, हँडलला ‘माणसे कामावर आहेत’ ही पाटी अडकवतो आणि मग परमिट बुकात नंबर, वेळ आणि घेणाऱ्याचं नाव लिहितो. जागेवरच्या माणसाने एबी स्विच (खांबावरचा, तिन्ही तारा तोडणारा) उघडायचा, डिस्चार्ज रॉड (तारेतला भार जमिनीत उतरवणारी दांडी) तिन्ही तारांना टेकवायचा आणि मग चढायचं. काम संपल्यावर ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं. उपकेंद्राच्या बाहेर अर्थ फार आखूड आहे. ‘परमिट घेतलंय’ म्हणजे ‘फोन केलाय’. मोबाइल येण्याआधी परमिटासाठी सायकल हाणत उपकेंद्रात जावं लागे, नाहीतर वायरलेसवर बोलावं लागे. त्या कटकटीत एक सुरक्षितता होती, असं जुने लोक म्हणतात आणि मला ते पटतं.

झिरोच्या बाबतीत हे सगळं आणखी एका पायरीने निसरडं होतं. त्याच्या नावाने परमिट निघूच शकत नाही. निघतं वायरमनच्या नावाने, आणि खांबावर असतो दुसराच. वायरमन तिसऱ्या गावात बिलाच्या वसुलीला गेलेला. पोराने फोन उचलला नाही म्हणजे उतरला असेल, असं धरून वायरमनने परमिट परत केलं, की ऑपरेटर बुकात वेळ टाकून ब्रेकर चढवतो. बुक बिनचूक असतं. ऑपरेटरने नियम मोडलेला नसतो, वायरमनने ‘कॅन्सल’ म्हटलेलं असतं आणि तिसऱ्या माणसाची नोंद कुठेच नसते. एकाच खांबावरून दोन फिडर गेलेले असणं आणि भलत्याच फिडरचं परमिट घेतलं जाणं, हा दुसरा प्रकार. तिसरा रिटर्न सप्लायचा. मंगल कार्यालयाने जनरेटर चेंजओव्हरशिवाय, म्हणजे बाहेरची लाइन तोडणाऱ्या स्विचशिवाय, जोडला, तर त्याचे चारशे व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे चढतात आणि बंद केलेल्या तारेवर अकरा हजार होऊन बसतात. रॉड टेकवला असता तर तिथेच कळलं असतं. रॉड जीपमध्ये असतो, आणि झिरो येतो मोटारसायकलवर.

भारनियमनाच्या काळात तर वेळापत्रकच परमिट झालं होतं. लाइट चारला येणार, तर साडेतीनला चढून डीओ टाकून घे. वरून पुरवठा सुधारला म्हणून फिडर पंधरा मिनिटं आधी सुरू झाला, तर ते पोराला कोण सांगणार?

२०१६ च्या सुमारास राज्याने यावर एक तोडगा काढला. तीन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांत ग्रामपंचायतीमार्फत ‘ग्रामविद्युत व्यवस्थापक’ नेमायचा, गावातलाच आयटीआय झालेला मुलगा, रीडिंगपासून फ्यूज टाकण्यापर्यंतची कामं त्याच्याकडे. समर्थकांचं म्हणणं होतं की जे चोरून चालतं ते निदान प्रशिक्षण देऊन, नावानिशी चालेल. विरोध करणाऱ्या संघटनांना ही झिरोला दिलेली सरकारी टोपी वाटली, कारण नाव मिळालं तरी नोकरी मिळत नव्हती. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, हे लपवत नाही. पण नुसत्या विरोधाने खांबावरचा पोरगा खाली उतरला नाही, हेही खरं.

आता जगण्या-मरण्याचं. पन्नास हर्ट्झची वीज हातातून दहा-पंधरा मिलीअँपिअर गेली की हाताचे स्नायू आखडतात आणि मूठ सुटत नाही. त्यालाच आपण ‘चिकटला’ म्हणतो. साठ वॅटचा बल्ब याच्या वीस पट करंट खातो. छातीतून पन्नास मिलीअँपिअरच्या वर काही क्षण गेले तर हृदय ठोके टाकायचं सोडून नुसतं थरथरू लागतं आणि मेंदूकडे चार-पाच मिनिटं उरतात. अकरा हजारांचं वेगळं आहे. तिथून माणूस वाचतोही, पण कातडीवर नाण्याएवढी जखम आणि आत कोपरापर्यंत मांस शिजलेलं, अशा अवस्थेत. मेलेल्या स्नायूंचा गाळ मूत्रपिंडात अडकतो, हात कापावे लागतात. निरीक्षकाच्या अहवालात याला ‘अप्राणांतिक’ म्हणतात.

छाती दाबून माणूस वाचवण्याचं तंत्र मुळात लाइनमनच्या मरणातूनच जन्मलं आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकात तारांवर माणसं फार मरू लागली, तेव्हा वीज कंपनीच्या पैशातून संशोधन सुरू झालं. बाल्टिमोरच्या एका विद्युत अभियंत्याच्या प्रयोगशाळेत १९५८ साली लक्षात आलं, की कुत्र्याच्या छातीवर हृदयाला झटका देणाऱ्या यंत्राचे जड पॅडल नुसते दाबले तरी रक्तदाब वर जातो. १९६० साली वीस रुग्णांवरचा अनुभव छापून आला. त्यातले चौदा वाचले. १९६७ मध्ये फ्लोरिडात खांबावरच उलट्या लटकलेल्या सहकाऱ्याला तोंडाने श्वास देणाऱ्या लाइनमनचा फोटो जगभर गेला, आणि तो लटकलेला माणूस पुढे कित्येक वर्षं जगला.

आपल्याकडे १९५६ च्या ४४ व्या नियमाने उपकेंद्रात शॉकवरच्या उपचाराचा तक्ता लावणं सक्तीचं केलं, तोही जिल्ह्याच्या भाषेत. मी पाहिलेल्या एका उपकेंद्रात तो कॅलेंडरच्या शेजारी होता, कडा पिवळ्या पडलेल्या. चित्रात माणूस पालथा झोपवलेला आणि दुसरा गुडघे टेकून त्याच्या पाठीवर हातांनी दाब देतोय. ही १९०३ सालची रीत. तिने फुफ्फुसांत हवा जाते, थांबलेलं हृदय चालत नाही. आयटीआयच्या पुस्तकांतही ती बरीच वर्षं टिकून राहिली. गावात तर अजून माणसाला ओल्या मातीत गळ्यापर्यंत पुरतात, करंट उतरावा म्हणून, आणि ती चार-पाच मिनिटं खड्डा खणण्यात जातात.

शेवटी कागद. अपघात झाला की चोवीस तासांत विद्युत निरीक्षकाला कळवावं लागतं, आणि मृत ‘खात्याचा’ की ‘बाहेरचा’ हे सांगावं लागतं. झिरो बाहेरचा. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरच्या एका प्रकरणात ठरवलं होतं, की रस्त्यावर पडलेल्या तारेने सायकलस्वार गेला तर भरपाई पुरवठादाराने द्यायची. ती तार कोणी आकडा टाकल्यामुळे पडली, ही सबब चालणार नाही. त्या निकालाचा आधार बाहेरच्या माणसाला मिळतो. पण सायकलस्वार रस्त्याने चालला होता आणि झिरो खांबावर चढला होता. त्याला चढायला कोणी सांगितलं, हा प्रश्न चौकशीत येतो तेव्हा वायरमनच्या मोबाइलवरचा कॉल एवढाच पुरावा असतो, आणि त्या कॉलमध्ये काय बोलणं झालं हे सांगायला एकच माणूस उरलेला असतो.