मुलांना घेऊन पहिल्यांदा बर्फात जाताना
नौपाडा, ठाणे येथील आमच्या हिवाळी कपड्यांच्या दुकानातर्फे ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ठाण्यात जानेवारीतली एखादी पहाट सोळा-सतरा अंशांवर उतरली की तलावपाळीवर फिरायला येणारी मंडळी कानटोप्या घालतात, आणि न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली गरम पाण्यात धरावी लागते. थंडीचा आपला अनुभव एवढाच. त्यामुळे घरात कुणाची बदली म्युनिकला, व्हिएन्नाला किंवा टोरांटोला झाली की आजी पहिला प्रश्न विचारते, "पोरांना सोसेल का गं तिथली थंडी?" आणि मग खरेदी सुरू होते. आमच्याकडे येणारी बरीच कुटुंबं एकेका मुलासाठी तीन-चार जाड स्वेटर आधीच घेऊन आलेली असतात.

हे दुकान काढण्याआधी आम्ही दोघांनी चार हिवाळे ऑस्ट्रियात, इन्सब्रुकला काढले. गेलो तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती, मुलगा दीड वर्षाचा. १९६४ आणि १९७६ अशी दोनदा हिवाळी ऑलिंपिक भरलेलं हे गाव. चहूबाजूंनी डोंगर, आणि फेब्रुवारीत शाळांना आठवडाभर सुट्टी लागली की अख्खा वर्ग स्कीइंगला जातो. आपलं मूल मागे कसं ठेवायचं? आम्हीही मुलीचं नाव स्कीच्या शाळेत घातलं. पहिल्या दिवशी तिला सुती लेगिंग, त्यावर लोकरीची पँट, पायात मोज्यांचे दोन जोड, अंगात दोन स्वेटर असं बांधून पाठवलं. अर्ध्या तासात ती रडत कडेला येऊन बसली. तिथल्या शिक्षिकेने तिचा बूट काढला, दोन्ही मोजे काढले आणि आतला सुती मोजा आमच्या हातात पिळून दाखवला. घामाचं पाणी टपकलं. तिने आपल्या पिशवीतला एकच पातळ लोकरी मोजा मुलीला चढवला. दहा मिनिटांनी मुलगी पुन्हा उतारावर होती.

या माहितीपत्रकात पुढे जे काही आहे ते त्या पिळलेल्या मोज्यातूनच आलं आहे. बर्फात मूल गारठतं ते ओलाव्याने. हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे २५ पट वेगाने वाहून नेतं. मूल आतून कोरडं असेल तर उणे आठ अंशांतही मजेत खेळतं, आणि घामाने भिजलेलं असेल तर शून्य अंशातही कुडकुडतं.

अंगावर काय, आणि कुठल्या क्रमाने

आपल्या हवेत सुती बनियन उत्तम, कारण ते घाम टिपून घेतं. हाच गुण बर्फात महागात पडतो. टिपलेला घाम सुती कापड सोडत नाही आणि ओलं फडकं अंगाला चिकटून राहतं. म्हणून अंगाला लागणारा पहिला थर मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिस्टरच्या थर्मलचा असावा, आणि अंगासरशी असावा. त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कृत्रिम कापडाचा ऊबदार थर. त्यावर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट आणि पँट. बस्स, तीन थर. लेबलवर पाणी अडवण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. बर्फात बसकण मारणाऱ्या मुलांसाठी १०,००० किंवा त्याहून जास्त आकडा पाहून घ्या. आईने हाताने विणलेला स्वेटर मधला थर म्हणून छान चालतो, तो नक्की न्या.

तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना आम्ही एकसंध स्नोसूटच देतो. लोळलं तरी कमरेतून बर्फ आत जात नाही. त्याहून मोठ्यांना खांद्यावरून पट्टे येणारी पँट आणि वेगळं जॅकेट बरं, कारण शू लागली की सगळं सोलावं लागत नाही. पँटच्या पायाशी आतून एक इलॅस्टिकची पट्टी असते, ती बुटाच्या वरून बसवायची. ती बुटात खोचली की बर्फ थेट मोज्यात जातो. ही पट्टी आम्ही प्रत्येक ग्राहकाला हात लावून दाखवतो, कारण हमखास विसरते ती हीच.

कपडे चढवायचा क्रमही महत्त्वाचा. तिकडची घरं आतून वीस-एकवीस अंशांवर तापवलेली असतात. मुलांना आधी गुंडाळलं आणि मग आपण आपले बूट शोधत बसलो, तर मूल दारातच घामाने भिजतं आणि बाहेर पडताच गारठतं. आधी सगळ्यांचं शू-शी उरकायचं, मग मोठ्यांनी तयार व्हायचं, मुलं सगळ्यात शेवटी. जॅकेटची चेन तर अगदी उंबऱ्यावर.

बाळाला थंडी वाजते आहे का, हे हातावरून किंवा नाकावरून ओळखू नका, ती गारच असतात. मानेच्या मागे, कॉलरच्या आत दोन बोटं घालून पाहा. ऊबदार आणि कोरडी मान असेल तर ठीक. घाम असेल तर एक थर कमी, गार लागली तर एक थर जास्त. घसरगाडीत किंवा पाठीवरच्या झोळीत बसलेलं बाळ हालचाल करत नसतं, त्यामुळे शेजारी चालणाऱ्या आई-बाबांना उकडत असतानाही ते गारठू शकतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबा आणि मान तपासा.

हातांना पाच बोटांचे हातमोजे घालण्यापेक्षा चार बोटं एकत्र राहणारे मिटन घाला. बोटं एकमेकांना ऊब देतात. दोन जोड हवेत, कारण पहिला दुपारपर्यंत ओला होतोच. गळ्याला मफलर मात्र नको. उतारावर नेणाऱ्या स्की-लिफ्टमध्ये किंवा घसरगुंडीवर मफलरचं टोक अडकलं तर गळा आवळला जातो. डोक्यावरून घालायचा नळीसारखा गळपट्टा वापरा.

एखाद्या वेळी बोट, कान किंवा गाल पांढुरका पडला, किंवा "काहीच कळत नाहीये" असं मूल म्हणालं, तर खेळ थांबवून ताबडतोब आत या. बर्फ चोळायचा नाही, जोरात मालीश करायची नाही, शेगडीजवळ धरायचं नाही. आपल्या अंगाच्या उबेने किंवा कोमट पाण्याने हळूहळू गरम करायचं. रंग आणि जाणीव लवकर परतली नाही तर डॉक्टरांकडे जायचं.

गाडीत बसवताना

हा मुद्दा लहान आहे, पण कृपया वगळू नका. फुगीर जॅकेट किंवा स्नोसूट घातलेल्या मुलाला गाडीतल्या मुलांच्या खुर्चीत बसवून पट्टा लावू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की जॅकेटमधली हवा दबते आणि पट्टा सैल पडतो, मूल त्यातून निसटू शकतं. जॅकेट काढा, फ्लीसवर पट्टा आवळा आणि जॅकेट उलटं करून पांघरुणासारखं वरून घाला. परदेशात पहिल्याच आठवड्यात गाडी भाड्याने घेतली जाते आणि नेमकं हे सांगायला शेजारी कुणी नसतं.

बर्फात खेळणं आणि स्की शिकणं

पहिल्या दिवशी स्की नकोच. आधी नुसतं खेळू द्या. बर्फाचेही स्वभाव असतात. तापमान शून्याच्या आसपास असेल तर बर्फ ओलसर असतो, गोळा चटकन वळतो, हिममानव उभा राहतो. उणे दहा-बाराला तोच बर्फ भुसभुशीत, कोरडा. पाक कमी पडलेल्या रव्याच्या लाडवासारखा हातातच फुटतो आणि बुटाखाली करकर वाजतो. आमच्या मुलाने पहिल्यांदा ही करकर ऐकली तेव्हा तो पाच मिनिटं एकाच जागी पाय आपटत उभा होता. गोळा वळला नाही म्हणून मुलं हिरमुसतात, त्यांना अशा दिवशी घसरगाडी द्या.

स्की शिकायला साधारण चार वर्षांचं वय बरं. काही शाळा तीन वर्षांच्या मुलांनाही घेतात. सपाटीवर चालणं, पडणं आणि उठणं इथून सुरुवात होते. मग एक सरकता पट्टा मुलांना उभ्या उभ्याच छोट्या उताराच्या माथ्यावर नेतो. जर्मन भाषेत त्याला 'जादूचा गालिचा' म्हणतात, आणि मुलांना तो खरंच तसा वाटतो. थांबायचं कसं, हे शिकवायला शिक्षक ओरडतात, "पिझ्झा!" म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखी. सरळ जायचं असेल तर दोन्ही स्की समांतर, फ्रेंच फ्राइजसारख्या. आमच्या मुलीला जर्मन यायच्या आधी हे दोन शब्द आले, आणि तेवढ्यावर तिचा पहिला आठवडा निभावला.

आमचं स्पष्ट मत: मुलांना स्की आई-बाबांनी शिकवू नये. शाळेत घाला आणि नजरेआड उभे राहा. आई दिसली की मूल रडतं, आई नसली की ते शेजारच्या मुलाकडे बघून उभं राहतं. पहिल्या दिवशी दोन तास भरपूर झाले. मधल्या सुट्टीत कोको आणि शेंगदाण्याचा लाडू, कारण थंडीत मुलांना सडकून भूक लागते.

बुटांबद्दल. आपल्याकडे मुलांना सगळं 'वाढत्या अंगाचं' घ्यायची पद्धत आहे. जॅकेट एक माप मोठं चालेल, बाही दुमडता येते. स्कीचा बूट मात्र वाढत्या मापाचा कधीही घेऊ नका. त्याचं माप पावलाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतं. आत पाऊल हललं तर स्की वळत नाही आणि घोट्यावर ताण येतो. मोजा एकच, पातळ आणि गुडघ्यापर्यंतचा. थर्मलची कड मोज्यात दुमडली तर तिथे वळ उठतात, ती बुटाच्या वर ठेवा.

बूट स्कीला ज्या खटक्याने जोडलेला असतो त्याला बाइंडिंग म्हणतात. मूल पडलं की त्यातून बूट सुटायला हवा, नाहीतर पाय पिरगळतो. किती जोराने सुटावा हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की किती येते यावरून ठरतं. तिथला माणूस वजन विचारेल तेव्हा अंदाजे सांगू नका, निघण्याआधी मुलाला काट्यावर उभं करा. स्की, बूट आणि हेल्मेट आम्ही याच कारणासाठी ठेवत नाही. ते उताराच्या पायथ्याशीच भाड्याने घ्यावं आणि तिथेच बसवून घ्यावं. हेल्मेटखाली कानटोपी किंवा उंच बांधलेले केस नकोत, वेणी मानेवर खाली घाला. इटलीत आता मुलांनाच काय, सगळ्याच वयाच्या लोकांना हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे. सक्ती नसली तरी घालाच.

उतारांचे रंग लक्षात ठेवा, कारण देश बदलला की अर्थ बदलतो. ऑस्ट्रिया-जर्मनीत निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. कॅनडा-अमेरिकेत सगळ्यात सोपा हिरवा गोल, निळा चौकोन मध्यम आणि पत्त्यांतल्या चौकटसारखा काळा आकार अवघड. युरोपात दोन हिवाळे काढून कॅनडाला गेलेलं कुटुंब 'निळा म्हणजे सोपा' या समजुतीने मुलाला भलत्याच उतारावर नेऊ शकतं. आणि एक नियम सगळीकडे सारखा: पुढे असणाऱ्याचा हक्क पहिला, मागून येणाऱ्याने सांभाळायचं. थांबायचं असेल तर कडेला.

ऊन विसरू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो आणि दर हजार मीटर उंचीला हे किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. गार वाऱ्यात चटका जाणवत नाही, संध्याकाळी चेहरा लाल होतो. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही लावा, कारण ऊन खालूनही येतं. मुलांना गॉगल हवाच.

प्रवासविमा घेताना 'हिवाळी खेळ' हा शब्द कागदावर आहे का ते पाहा. साध्या विम्यात स्कीइंग बऱ्याचदा धरलेलं नसतं आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च मोठा असतो.

गुलमर्ग, मनालीला जाणाऱ्यांसाठी

वरचं जवळजवळ सगळं इथेही लागू. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथला गोंडोला, म्हणजे तारेवरचा पाळणा, दोन टप्प्यांत जातो, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर साधारण ३,९५० मीटरच्या वर पोचतो. लहान मुलांना पहिला टप्पा पुरे; वर हवा विरळ, वारा बोचरा. मनालीकडे वाटेत भाड्याने मिळणारे कोट घेणार असाल तर आतलं अस्तर हाताने चाचपा. आदल्या दिवसाचा ओलावा राहिलेला असतो.

काय विकत घ्यावं, काय भाड्याने

थर्मल, मोजे, मिटन आणि गळपट्टा विकत घ्या, ते अंगाला लागतात आणि भाड्याने घेऊ नयेत. जॅकेट, पँट, स्नोसूट आणि बर्फात चालायचे बूट आमच्याकडून भाड्याने. कायमचं जाणाऱ्यांना आम्ही फक्त पहिल्या दहा-पंधरा दिवसांपुरते कपडे न्यायला सांगतो. पुढचं तिकडेच घ्या. तिथे मुलांचे वापरलेले कपडे विकण्याचे बाजार भरतात, एका हिवाळ्यात आखूड झालेले उत्तम स्नोसूट कमी पैशांत मिळतात. यात आमचा धंदा कमी होतो हे खरं, पण सहा महिन्यांत आखूड होणाऱ्या कपड्यावर इथून मोठी रक्कम घालवू नका. बालवाडीसाठी प्रत्येक कपड्यावर मुलाचं नाव घालावं लागतं. नावाच्या पट्ट्या आम्ही मराठीत किंवा रोमन लिपीत शिवून देतो.

आजी-आजोबा भेटायला जाणार असतील तर त्यांच्यासाठी बुटाला चढवायचे काटेरी रबरी पट्टे घ्या. साडीखाली थर्मल आणि वर लांब कोट घरापुरता, गाडीपुरता चालतो. बर्फाळ फुटपाथवर मात्र काठ भिजून गोठतो, तिथे पँटच बरी. पावलं छोटी, सपाट, आणि हात खिशाबाहेर.

माप घ्यायला मुलाला घेऊन या, शक्यतो जेवण झाल्यावर, संध्याकाळी सहानंतर. पूर्ण सूट घालून त्याला दुकानात चालू द्या, बसू द्या, लोळू द्या. त्यासाठी एसी सोळावर लावून ठेवतो. नेलेले कपडे विमानात हाताशी ठेवा, बॅग उशिरा आली तर विमानतळाबाहेर तेच लागतील.

परत आल्यावर आमचे भाड्याचे कपडे धुऊ नका. साबण आणि कंडिशनरने कापडावरचा पाणी अडवणारा थर जातो. दोन दिवस पंख्याखाली उलटं टांगा, घडी घालून पिशवीत कोंबू नका. आपल्या दमट हवेत आत बुरशी धरते. चेन तुटली किंवा शिवण उसवली असेल तर न संकोचता सांगा. त्याचे पैसे आम्ही कापत नाही, पण न सांगितलेली उसवलेली शिवण पुढच्या मुलाच्या अंगावर बर्फ आत घेते.